जन्मजात व्यंग व आईवरील आरोप

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे पहिला प्रश्न असतो, मुलगा कीं मुलगी. आणि दुसरा, सर्व ठीक आहे ना. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कधीं कधीं 'नाहीं' असें येतें. बाळाचा ओठ दुभंगलेला असतो, पाऊल आंत वळलेलें असतें, किंवा पाठीच्या कण्यावर एक फुगवटा दिसतो. आणि मग तिसरा प्रश्न निघावयास वेळ लागत नाहीं. तो बाळाविषयीं नसतो. तो बाळंतिणीला असतो : "ग्रहणांत कांहीं चिरलें होतेंस का?" सासू विचारते, नणंद विचारते, शेजारीण विचारते, आणि माहेरची मंडळीहि, दुःखानें कां होईना, तेंच विचारितात. दोन दिवसांची ती बाळंतीण, अंगांत त्राण नसलेली, गेल्या नऊ महिन्यांतील एकेक दिवस आठवूं लागते. आणि जी शोधूं लागते तिला कांहीं ना कांहीं सांपडतेंच.

हा प्रश्न अन्यायाचा आहे. शिवाय त्याच्या गलबल्यांत जे प्रश्न खरोखर विचारावयास हवेत ते राहून जातात, असें माझें स्पष्ट मत आहे. शाळेच्या वार्षिकांत हा विषय कशाला, असें कांहीं पालकांस वाटेल. परंतु दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत मानवी प्रजननाचा भाग आहे. "घरीं वाचून या" असें सांगून तो उरकण्याची चाल पुष्कळ वर्गांत आहे, आणि घरीं मुलें जें ऐकतात तें त्या पुस्तकांत नसतें. आजचे विद्यार्थी उद्यांचे आईबाप आहेत. आजचे पालक लवकरच कोणाचे तरी सासूसासरे होणार आहेत. पुढील चार शब्द दोघांसाठींहि आहेत.

आपल्याकडे गरोदर बाईनें ग्रहणांत विळीला हात लावूं नये, सुईंत दोरा ओवूं नये, हातपाय दुमडून बसूं नये, असें सांगतात. चिरलें तर बाळाचा ओठ चिरतो, दुमडलें तर पाय दुमडतो. ही समजूत केवळ आपलीच आहे असें कोणी समजूं नये. हजारों कोस दूर मेक्सिको देशांत ग्रहणाविषयीं हीच भीति आहे, आणि तेथील गरोदर स्त्रिया ग्रहणकाळीं पोटाजवळ धातूची टांचणी लावितात. चावा घेतल्यासारखा दिसणारा चंद्र आणि तुटल्यासारखा दिसणारा ओठ यांचें साम्य दोन्हीकडील लोकांच्या डोळ्यांनीं स्वतंत्रपणें टिपलें, इतकाच याचा अर्थ. इंग्लंडांत ग्रहणाऐवजीं ससा होता. गरोदर बाईच्या वाटेंत ससा आडवा गेला तर मुलाचा ओठ सशासारखा होतो असें तेथें मानीत, आणि त्या व्यंगाचें जुनें इंग्रजी नांवच 'सशाचा ओठ' असें आहे. एका देशांत चंद्र, दुसऱ्या देशांत ससा. साक्षीदार बदलला, आरोपी मात्र सगळीकडे एकच.

आपल्या जुन्या वैद्यकांतहि याचें एक रूप आढळतें. चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, म्हणून स्त्री दोन हृदयांची होते. तिच्या इच्छा मोडल्या तर मूल कुबडें, लंगडें, ठेंगणें किंवा डोळ्यांनीं अधू होतें, असें सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सांगितलें आहे. 'डोहाळे' हा आपला शब्द याच कुळांतला. शास्त्र म्हणून हें आज टिकत नाहीं. पण एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या जुन्या वचनांत जबाबदारी घरावर आहे. बाईचें मन राखा, तिला हवें तें द्या, असा त्याचा रोख आहे. पुढें आपण तो रोख उलटा फिरविला, आणि जिचें मन राखावयाचें तिलाच जाब विचारूं लागलों.

आतां प्रत्यक्ष काय घडतें तें पाहूं. स्त्रीबीज सुमारें एक दशांश मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे या पानावरील पूर्णविरामाहूनहि लहान असतें. पुरुषबीज त्याहून किती तरी सूक्ष्म. लेव्हेनहुक या डच कापडव्यापाऱ्यानें १६७७ सालीं तें आपल्या भिंगांतून पाहिलें. आणि १६९४ सालीं हार्टसोकर यानें पुरुषबीजाच्या डोक्यांत गुडघ्यांत मान घालून बसलेला एक चिमुकला माणूसच चितारून दाखविला. माणूस आधींच संपूर्ण घडलेला असतो व पोटांत केवळ मोठा होतो, असें त्या काळीं पुष्कळ विद्वान मानीत. तें मत खरें असतें तर व्यंग म्हणजे बाहेरून झालेली इजा, असें म्हणणें सोपें झालें असतें. घडलेलें मडकें फुटलें तर कोणीं तरी तें फोडलेंच असणार! विळीची समजूत नेमकी याच विचारांत बसते. परंतु कास्पार फ्रीड्रिख वुल्फ यानें १७५९ सालीं व त्यापुढील वर्षांत कोंबडीच्या अंड्यांतील पिलाचा बारकाईनें अभ्यास केला, आणि अवयव आधींपासून तयार नसतात, ते क्रमाक्रमानें घडत जातात, असें दाखविलें. दोन बीजांचा संयोग पाहावयास तर १८७६ साल उजाडावें लागलें. ऑस्कर हर्टविग यानें समुद्रांत राहणाऱ्या एका काटेरी प्राण्याच्या पारदर्शक अंड्यांत दोन केंद्रकें एक होतांना पाहिलीं.

मनुष्यांत हा संयोग अंडनलिकेंत होतो. सुमारें तीस तासांत एका पेशीच्या दोन होतात. पांचव्या दिवसापर्यंत पेशींची एक पोकळ गोळी बनते, आणि आठवड्याच्या सुमारास ती गर्भाशयाच्या भिंतींत रुजूं लागते. तिसऱ्या आठवड्यांत तिच्यांत तीन थर पडतात. वरच्या थराचा एक पट्टा दोहों बाजूंनीं उचलला जाऊन मध्यें पन्हळ पडते, व पन्हळीचे कांठ एकमेकांस मिळून नळी होते. हीच पुढें मेंदू आणि मज्जारज्जू. संयोगापासून २८ व्या दिवसाच्या सुमारास ही नळी दोन्ही टोंकांना मिटलेली असते. खालचें टोंक मिटावयाचें राहिलें तर पाठीवर तो फुगवटा दिसतो. वरचें राहिलें तर मेंदू व कवटी घडत नाहींत, आणि तें बालक जगत नाहीं.

चेहऱ्याचेंहि असेंच आहे. पांचव्या आठवड्यांत नाकाच्या जागीं दोन खळगे असतात आणि त्यांच्याभोंवतीं लहान लहान उंचवटे. बाजूचे उंचवटे मध्याकडे सरकत येतात, आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास मधल्या उंचवट्यांस मिळून वरचा ओठ पुरा होतो. टाळू त्यानंतर, बाराव्या आठवड्यापर्यंत. विद्यार्थ्यांनीं आपलें बोट नाकाखालीं ठेवून पाहावें. तेथें जी उथळ पन्हळ हातास लागते तिच्या दोन्ही कडा म्हणजे साधारणपणें त्या सांध्यांच्याच खुणा होत. आपणां प्रत्येकाचा ओठ एके काळीं उघडा होता. दुभंगलेल्या ओठाचें मूल पाहून आपण 'ओठ फाटला' म्हणतों. तो कोणीं फाडलेला नसतो, जोडावयाचा राहिलेला असतो. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वी यानें १६५१ सालच्या आपल्या ग्रंथांत हेंच अनुमान केलें आहे : गर्भाचें तोंड आरंभीं ओठांवांचून उघडें असतें, मनुष्याचा वरचा ओठ मध्यभागीं उशिरां मिळतो, आणि म्हणून कित्येक मुलें तो दुभंगलेलाच घेऊन जन्मतात. याला पावणेचारशें वर्षें होत आलीं.

मग विळीचा हिशेब करा. सातव्या महिन्यांत ग्रहण लागलें आणि बाईनें भोपळा चिरला. त्या वेळीं बाळाचा ओठ जुळून चार महिन्यांहून अधिक काळ लोटलेला असतो. पक्का झालेला सांधा पृथ्वीच्या किंवा चंद्राच्या सावलीनें उसवत नाहीं. आणि पांचव्या-सहाव्या आठवड्यांतलें म्हणाल, तर आपल्याला दिवस गेले आहेत हें तेव्हां पुष्कळ स्त्रियांस पुरतें ठाऊकहि नसतें. ग्रहण पाळावयाचें कोणीं?

कित्येक व्यंगांचें बीज तर संयोगाच्याहि आधीं पडलेलें असतें. लँग्डन डाउन या इंग्रज वैद्यानें १८६६ सालीं ज्या मुलांचें वर्णन केलें, त्यांच्या पेशींत ४६ ऐवजीं ४७ गुणसूत्रें असतात, २१ व्या जोडीचें एक अधिक, हें १९५९ सालीं पॅरिस येथें लेझ्यून व त्याचे सहकारी यांनीं प्रसिद्ध केलें. आतां एक नवलाची गोष्ट अशी कीं, मुलगी स्वतः आपल्या आईच्या पोटांत असते तेव्हांच तिच्या शरीरांत स्त्रीबीजांची सिद्धता झालेली असते. म्हणजे ज्या बीजापासून आपण झालों तें आपल्या आजीच्या पोटांत एकदां वाढत होतें! तीं बीजें वीस, तीस, चाळीस वर्षें थांबून राहतात, आणि मग पुढील विभागणींत एखादें गुणसूत्र मागें अडकतें. विशींतल्या आईच्या बाबतींत हा संभव सुमारें दीड हजारांत एक, चाळिशींत सुमारें शंभरांत एक. वय वाढणें हा कांहीं गुन्हा नव्हे. शिवाय बापाचें वय वाढतें तसे त्याच्या बीजांतील नवे बदलहि वाढतात. हातपाय आंखूड राहण्याचा खुजेपणाचा एक प्रकार पुष्कळदां याच वाटेनें येतो. परंतु पाळण्याजवळ उभें राहून बापाला "तुझें वय किती होतें?" असें विचारणारी शेजारीण मला अजून भेटावयाची आहे. मुलगा कीं मुलगी हेंहि पुरुषबीजावरच ठरतें. तरी मुलींबद्दल बोल लागतात ते कोणाला, हें सांगावयास नको.

कोणी म्हणेल, मग आईच्या द्वारें बाळास कांहींच अपाय होत नाहीं काय? होतो, आणि तेंहि सांगितलें पाहिजे, नाहीं तर एका खुळ्या समजुतीच्या जागीं दुसरी येऊन बसेल. १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड नांवाचें झोपेचें औषध विक्रीस आलें. निर्धोक म्हणून तें गरोदर स्त्रियांनाहि मळमळीवर देऊं लागले. १९६१ च्या अखेरीस तें तेथें बंद झालें. तोंवर जगांत दहा हजारांच्या वर मुलें हातपाय नसलेलीं किंवा अगदी आंखूड हातपायांचीं जन्मलीं असा अंदाज आहे. संयोगानंतर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीपासून पांचव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंतचे दिवस काय ते घातक होते. पण हातपाय फुटतात ते त्याच दिवसांत. अमेरिकेंत फ्रान्सिस केल्सी या बाईंनीं पुरावा अपुरा म्हणून त्या औषधास परवानगी नाकारली, त्यामुळें तो देश बहुतांशीं वांचला. येथें दोष द्यावयाचाच तर पुरतें न तपासतां औषध विकणारांस द्यावा. विश्वासानें गोळी घेणाऱ्या मातेस काय म्हणून?

याच्या वीस वर्षें आधींची एक हकीकत मला याहूनहि बोधप्रद वाटते. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं नॉर्मन ग्रेग हे नेत्रवैद्य होते. जन्मतःच मोतीबिंदू असलेलीं मुलें त्यांच्याकडे एकाएकीं फार येऊं लागलीं. त्यांनीं मातांजवळ चौकशी केली, त्यांचें बोलणें ऐकून घेतलें; आणि बहुतेकींनीं सांगितलें कीं गरोदरपणाच्या आरंभीं आपल्याला जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, येऊन गेला होता. १९४० सालीं तेथें त्या रोगाची मोठी सांथ होती. ग्रेग यांनीं ७८ मुलांची माहिती जमवून ती १९४१ सालीं प्रसिद्ध केली. सौम्य पुरळ म्हणून ज्याकडे कोणी फारसें लक्ष देत नसे, तो आजार पोटांतील बालकाचे डोळे, कान व हृदय बिघडवितो हें त्यावरून उघडकीस आलें, आणि पुढें त्यावर लस निघाली. ग्रेग यांनींहि प्रश्न आईलाच विचारिला होता. पण त्यांना माहिती हवी होती, कबुली नको होती. २०१८ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्रांतील शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस टोंचली गेली, तेव्हां कांहीं पालकांनीं भीतीनें मुलांस त्या दिवशीं घरीं ठेविलें. त्यांतील मोठ्या मुली आज लग्नाच्या वयाच्या झाल्या आहेत. लस राहिली असल्यास लग्नापूर्वीं डॉक्टरांस विचारून ती घेतां येते. गरोदरपणीं ती देत नाहींत.

दुसरी हकीकत तर मुंबईची आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण १९२८ सालीं मुंबईस आली, आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या आश्रयानें गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा तिनें अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानें त्या बऱ्या होतात असें तिला आढळलें, व तें तिनें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलें गेलें. १९४१ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं पालकाच्या पानांपासून तें काढून पानाच्या लॅटिन नांवावरून त्याचें हें नामकरण केलें होतें. १९९१ सालीं ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या मोठ्या प्रयोगानें सिद्ध झालें कीं, ज्यांचें एक मूल मज्जारज्जूच्या नळीचें व्यंग घेऊन जन्मलें आहे अशा स्त्रियांनीं पुढील गर्भधारणेच्या आधींपासून फॉलिक ॲसिड घेतलें, तर तें व्यंग पुन्हां होण्याचा संभव सुमारें ७२ टक्क्यांनीं कमी होतो.

'आधींपासून' हा शब्द विद्यार्थ्यांनीं अधोरेखित करावा. २८ व्या दिवशीं नळी मिटून गेलेली असते. तिसऱ्या महिन्यांत नांव नोंदवून मग गोळ्या आणल्या, तर त्या रक्तवाढीस उपयोगी पडतात. या व्यंगापुरत्या मात्र उशिरां पोंचतात. म्हणून मूल हवें असलेल्या स्त्रीनें डॉक्टरांच्या सल्ल्यानें रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्यापूर्वीं निदान महिनाभर सुरू करावी. आधीं असें मूल झालें असल्यास मात्रा मोठी लागते, ती डॉक्टरांनींच ठरवावी. ग्रहणाच्या दिवशीं सुनेला उपाशी, अंधाऱ्या खोलींत बसविण्याची दक्षता बाळगणारीं घरें ही एवढीशी गोळी तिच्या हातावर वेळेवर कां ठेवीत नाहींत, याचें मला नेहमीं नवल वाटतें. (शाळांतून सहावीपासून पुढें आठवड्यास एकदां लोह व फॉलिक ॲसिडची जी निळी गोळी देतात, ती रक्तक्षयासाठीं, तरी तिचें कुळ हेंच. ती खिडकींतून कोठें जाते हें आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे.)

आतां पालकांस एक अप्रिय गोष्ट सांगणें प्राप्त आहे. मामाच्या मुलीशीं लग्न ही आपल्याकडे पुष्कळ समाजांत चालत आलेली रीत आहे. आपणां प्रत्येकाच्या शरीरांत एखाददुसरें सदोष जनुक निद्रित असतें. त्याचें जोडीदार जनुक निर्दोष असल्यामुळें तें उघडें पडत नाहीं. नवराबायकोचे आजीआजोबा एकच असले म्हणजे तेंच सदोष जनुक दोन्हीकडून येऊन मुलांत भेटण्याचा संभव वाढतो. सामान्यतः शंभर मुलांमागें दोन-तीन मुलांना मोठें जन्मजात व्यंग असतें. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या संततींत हें प्रमाण जवळजवळ दुप्पट होतें. तरीहि त्यांचीं बहुतेक मुलें निरोगी होतात, हें खरें. परंतु शेत घरांत राहावें, नातें तुटूं नये, म्हणून वडीलधाऱ्यांनीं बैठकींत लग्न ठरवावें, त्यांतून बहिरें मूल जन्मावें, आणि जाब विचारावा तो जिचें मत त्या बैठकींत कोणीं घेतलेंच नव्हतें त्या मुलीला, हें मला कोणत्याहि न्यायांत बसतांना दिसत नाहीं. तंबाखू, मग ती बिडीची असो वा मिश्रीची, दारू, आणि आटोक्यांत नसलेला मधुमेह यांनीं गर्भास अपाय होतो हेंहि निश्चित आहे. घरांतील पुरुषांच्या बिडीचा धूर त्यांतच आला.

इतकें करूनहि कांहीं मुलें व्यंग घेऊन येतीलच, आणि पुष्कळ वेळां त्याचें कारण कोणाच्याहि वागण्यांत सांपडणार नाहीं. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत एका जन्मांध मनुष्याची गोष्ट आहे. त्याला पाहून शिष्य प्रभूला विचारितात, पाप याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभु दोन्ही नाकारितो, आणि लागलाच त्या मनुष्याच्या डोळ्यांकडे वळतो. मला त्या गोष्टींत ही घाई फार आवडते. कारण करण्यासारखें पुष्कळ असतें, आणि तें वेळेवर करावें लागतें. दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयांत करितात, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. टाळू फार उशिरां शिवला तर बोलणें नाकांतून येतें व सुधारण्यास मोठे कष्ट पडतात. आंत वळलेलें पाऊल पोन्सेटी यांच्या पद्धतीनें, दर आठवड्यास नवें प्लास्टर घालून, हळूहळू सरळ येतें. पण आरंभ जन्मानंतर थोड्या आठवड्यांत व्हावा. बहिरेपण पहिल्या वर्षांत ओळखलें तर मूल बोलावयास शिकण्याची आशा पुष्कळ वाढते.

२०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं डॉक्टरांचें पथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदां येतें. दुभंगलेला ओठ व टाळू, वांकडें पाऊल, हृदयाचें व्यंग, जन्मजात मोतीबिंदू व बहिरेपण हीं सर्व त्या पथकाच्या यादींत आहेत, आणि अठरा वर्षांपर्यंत उपचार मोफत होतात. परंतु पथक येतें त्या दिवशीं नेमकें ज्याला दाखवावयाचें तेंच मूल गैरहजर असतें, असा माझा अनुभव आहे. चार लोक पाहतील म्हणून त्याला घरीं ठेविलेलें असतें. पुढील तपासणीचा दिवस ठरला म्हणजे मुलांच्या वहींत तो लिहून पाठवूं. त्या दिवशीं मुलास अवश्य पाठवावें. आणि त्याचें धाकटें भावंड अजून शाळेंत घातलेलें नसेल, तर त्यालाहि कडेवर घेऊन यावें.